लस दिली आणि औषधाने मारली

पिल्लांचे दूध तोडले की त्यांना हगवण लागते. मग खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळायचे आणि त्याच आठवड्यात लसही द्यायची, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त झाला, असे पुष्कळ वराहपालक बांधव समजतात. आम्हांला ही समजूत घातक वाटते.

लस कशाची आहे, हे आधी विचारावे. काही लशींत रोगाचेच जिवाणू दुबळे केलेले, पण जिवंत असतात. डुकरांच्या अंगावर लाल चट्टे उठवणाऱ्या एरिसिपेलस रोगावर पाश्चर व त्यांचे तरुण सहकारी थुइये यांनी १८८२-८३ साली फ्रान्समध्ये अशीच लस तयार केली होती. हे जिवाणू पिल्लाच्या अंगात थोडे दिवस जगले, वाढले, तरच शरीर त्यांना ओळखायला शिकते. लशीतला जिवाणू कोणता आणि रोगाचा कोणता, हे प्रतिजैविक औषधाला कळत नाही. ते दोघांनाही मारते. लशीचे पैसे तर गेलेच, शिवाय मालक निर्धास्त राहतो आणि पुढे रोग आला की लशीलाच नावे ठेवतो.

परदेशात आतड्याच्या लॉसोनिया रोगावर तीन आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांना पाण्यातून जिवंत लस देतात. तिच्या आधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस त्या जिवाणूंवर चालणारे औषध बंद ठेवतात. पाण्यात क्लोरीनही चालत नाही. ग्वाल्हेरात तिघऱ्याचे नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. माणसांच्या टायफॉइडची जी जिवंत लस तोंडाने घेतात, तिलाही हेच पथ्य आहे.

आपल्याकडे डुकरांना टोचतात ती स्वाइन फीवरची जिवंत लस मात्र विषाणूची आहे. तिला प्रतिजैविकाची बाधा होत नाही, मेलेल्या जिवाणूंच्या लशीलाही नाही. तरी लस आणि औषध एका सिरिंजमध्ये भरू नये. २०२२ साली रीव्यात आलेला आफ्रिकन स्वाइन फीवर हा वेगळा रोग. त्याच्यापुढे ही लस आणि प्रतिजैविके दोन्ही निरुपयोगी.

खरी अडचण खाद्याच्या पोत्यात आहे. तयार खाद्यात औषध आधीच मिसळलेले असू शकते आणि मालकाला पत्ताच नसतो. दुकानदाराने ते न विचारता सांगावे, अशी आमची मागणी आहे. कॉलिस्टिनवर तर सरकारने २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत बंदीच घातली.

पिल्लू खरेच आजारी असेल तर लस पुढे ढकलावी आणि औषध पुरे करावे. लशीसाठी आजारी पिल्लाचे औषध तोडणे हाही अन्यायच. लशीची तारीख पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी आणि औषध कधी थांबवले ते शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे.