खरखरीचे सोवळे

ब्लॅक मेटल हे नाव ऐकताच सभ्य माणसे कानांवर हात ठेवतात, आणि त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत नॉर्वेतल्या या पंथातील काही तरुणांनी चर्चे जाळली, खूनही झाले. त्या कृत्यांचे समर्थन कोणी करू नये.

मला गंमत वाटते ती या पंथाच्या सोवळ्याची. १९९४ साली निघालेली डार्कथ्रोनची ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घरच्या चार-ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाली. तिचा खरखरीत आवाज कित्येकांना इतका पवित्र वाटतो, की ध्वनिमुद्रण स्वच्छ झाले म्हणजे धर्मच बुडाला!

मी बाटग्यांच्या पक्षाचा. माझा साक्षीदार म्हणजे बर्गेनच्या इमॉर्टल या वृंदाची १९९९ सालची ‘अ‍ॅट द हार्ट ऑफ विंटर’. स्वीडनमधल्या अबिस स्टुडिओत पीटर टेगटग्रेन यांनी ती मुद्रित केली. गाणी सहाच, वेळ पाऊण तास; आणि विषय सैतान नव्हे, तर बर्फ, पर्वत आणि कडाक्याची थंडी.

या तबकडीमागे एक दुःखही आहे. वृंदाचा गिटारवादक डेमोनाझ अतिद्रुत वाजवीत असे. त्याचा हात दुखावला आणि वादन सुटले. तो गीते लिहीत राहिला. गिटार गायक अबाथने हाती घेतली. नुसत्या वेगाचा सोस ओसरला, चालींना लांबी आली. शीर्षकगीत तर मंद, संथ सुरांनी उघडते आणि मग गिटारींचा कडा कोसळतो. खरखरीत हे सारे वाहून गेले असते. येथे ढोलांचा प्रत्येक आघात निराळा, गिटारीचा प्रत्येक पदर मोकळा ऐकू येतो. थंडी अंगावर येते ती त्यामुळेच.

खरखरीत चुका लपतात हे खरे, पण मेहनतही लपते. हात गमावलेल्या मित्राचे शब्द घेऊन दुसरा उभा राहतो, तेव्हा त्याची मेहनत लपू नये असे मला वाटते.

गायन मात्र कर्कश आहे. ते गोड लागेल अशी हमी मी देत नाही. पण घरातल्या चिरंजीवांनी ही तबकडी लावलीच, तर पहिले गाणे संपेपर्यंत, म्हणजे आठ-साडेआठ मिनिटे, कळ काढा. मग दार लोटायचे तर खुशाल लोटा.