फोनला खोटं बोलावं लागतं

बार्शीत फॉर्म भरायच्या दिवसांत नेट सेंटरवर गर्दी होते. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि फोनवर पाटी: ‘कृपया डेस्कटॉपवर उघडा.’ मी वेबसाइटी बनवूनच पोट भरतो, म्हणून सांगतो, ही पाटी बहुतेक वेळा आमचा आळस असतो.

ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत ‘यूजर एजंट’ नावाची ओळ पाठवतो: मी अमुक ब्राउझर, अमुक सिस्टिमवरचा. त्यात ‘अँड्रॉइड’ दिसलं की साइट दार लावते. क्रोमच्या तीन टिंबांत ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करा, तोच फोन स्वतःला लिनक्सचा कॉम्प्युटर म्हणवतो आणि बऱ्याचदा तोच फॉर्म निमूट उघडतो. अक्षरं मुंगीएवढी होतात, पण उघडतो. मग अडलं कुठे होतं?

ही फसवणूक म्हणणाऱ्यांनी ती ओळ कधी वाचलेली नसते. क्रोमची ओळ सुरूच होते ‘मोझिला’ने. ते नेटस्केपचं टोपणनाव. नव्वदच्या दशकात कित्येक साइटी चांगलं पान त्यालाच वाढायच्या, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्प्लोररने तेच नाव लावलं, मग बाकीच्यांनीही. २०२३पासून तर अँड्रॉइडवरचा क्रोम त्या ओळीत फोनचं मॉडेल नुसतं ‘के’ सांगतो. अशा नावावर दारं उघडायची-लावायची?

फाइल अपलोड होते का, स्क्रीन केवढी आहे, हे ब्राउझरलाच विचारता येतं. नाव बघून पंगतीतून उठवायची ही कसली रीत? आणि ‘मोबाइलवर टेस्टिंगला वेळ नव्हता’ हे मीटिंगमधलं कारण मला सांगू नका. त्या वाचवलेल्या वेळेचं बिल नेट सेंटरच्या काउंटरवर पोरं भरतात.