डावीकडच्या शिरा

पहाटे परभणी-गंगाखेड रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. त्यांतल्या काहींना ‘व्हेरिकोसील’ हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत, तोही बाद होताना. अंडकोषातल्या शिरा फुगण्याचा हा विकार बहुधा वयात येतानाच सुरू होतो. सहसा दुखत नाही, आणि घरात सांगायची लाज वाटते.

विकार जुना आहे. पहिल्या शतकात रोमच्या सेल्सस या ग्रंथकारानं पिळवटलेल्या शिरा आणि पोषणाअभावी लहान राहिलेलं अंड, दोन्ही टिपलं होतं. बहुधा डावीकडेच का? डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, रक्त तुंबतं. १९४९ मध्ये पालोमो या डॉक्टरानं ती पोटात वर बांधण्याची रीत मांडली. १९५२ मध्ये एडिनबरोच्या डॉ. टुलॉकनं मूल न होणाऱ्या रुग्णाला या शस्त्रक्रियेनंतर मूल झाल्याचं नोंदवलं, आणि मग डॉक्टरांचं लक्ष किशोरांकडेही वळलं.

आज सरसकट चाकू लावत नाहीत, हे बरंच. मुख्यतः डावं अंड वाढीत मागे पडलं किंवा दुखू लागलं तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. एरवी दरवर्षी सोनोग्राफीनं मोजमाप. मात्र मुलाला उभं करून तपासायला हवं. आडवं केलं की फुगवटा ओसरतो आणि घाईच्या शालेय तपासणीत निसटतो.