नायट्रस आणि रिठदचा मे महिना

परवा भाचा पुण्याहून नवी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन रिठदला आला. जेवणं झाली, ओसरीवर टेकलो, तर हळूच म्हणतो, "मामा, गाडीत नायट्रस बसवावं म्हणतो." आईला वाटलं सीएनजी. "बसव बापा, पेट्रोल लय महाग झालं!" :-)

मी मात्र नाही म्हटलं. सगळ्यांसमोर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. तोही वाचतोच.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे दवाखान्यातला हास्यवायू. स्वतः जळत नाही, पण इंजिनाच्या उष्णतेने फुटून ऑक्सिजन मोकळा करतो. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. म्हणजे जादा पेट्रोल जाळायची सोय. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हा विमानांत वापरला, कारण फार उंचावर हवा विरळ. टर्बो गाडीत आणखी फायदा असा की आत येणारी हवा गार होते आणि टर्बो लवकर जागा होतो. भाच्याचं डोकं इथेच अडकलंय.

पण हा ऑक्सिजन म्हणजे उचल. त्याच क्षणी तेवढं पेट्रोल द्यावंच लागतं. कमी पडलं की नॉकिंग, आणि मग पिस्टनला भोक. टर्बोने दाब आधीच वाढवलेला. वर एक्झॉस्ट वाढला की बूस्ट ठरवल्यापेक्षा वर उडी मारतो. त्यामुळे नळ्या जोडणं हे खरं काम नव्हेच. स्पार्कचं टायमिंग मागे घ्यायचं (दर ५० अश्वशक्तीला साधारण २ अंश), थंड प्रकारचे प्लग टाकायचे, पेट्रोलचा दाब पडताच गॅस तोडणारा स्विच लावायचा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि आरपीएम पुरेसा वर असेल तरच गॅस सोडायचा. खालच्या आरपीएमला सोडला तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती.

इथपर्यंत पुण्यातला चांगला मेकॅनिक सांभाळेलही. पण आपल्या उन्हाचं काय? बाटलीत दाब साधारण ९०० ते १००० पीएसआय लागतो, तो ३०-३२ अंशांना आपोआप मिळतो. थंड देशांत त्यासाठी बाटलीला हीटर लावतात! आणि ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, कितीही दाबा. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच त्याहून जास्त; अंगणात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर विचारूच नका. दाब चढतो, गॅस वेगळ्याच मापाने सुटतो, पेट्रोलचं माप मात्र तेच राहतं. पुण्यात डिसेंबरमध्ये जुळवलेलं गणित रिठदला मे महिन्यात चुकणार. दाब फारच चढला तर बाटलीची सुरक्षा चकती फुटून सगळा गॅस डिक्कीत.

आणि चालवणार कुठे? म्हणे समृद्धीवर. तिथे मर्यादा १२०, आणि एवढा वेग त्याची गाडी आहे तशीच गाठते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. असो, कायद्याच्या भीतीने तो थांबेल असं मला वाटत नाही.

हौस मी समजू शकतो. मग एखादी जुनी गाडी घे, तिचं इंजिन उघड, आणि धावपट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीत पळव. अँबी व्हॅलीला अशा शर्यती झालेल्या आहेत. मी येईन बघायला, बाटलीवर ठेवायला बर्फही आणीन. पण ज्या गाडीत ताई मागे बसते, तिच्यात नको.

आई अजून विचारतेय, तो गॅस वाशिमच्या पंपावर मिळतो का.