निधान

गेल्या महिन्यात भट्टीचं दार उघडलं, तेव्हा माझ्या वाडग्याच्या जागी खापरांचा ढीग होता. त्यातलाच एक तुकडा उडून शेजारच्या फुलदाणीचा काठ घेऊन गेला होता. फुलदाणी आम्हाला शिकवणाऱ्या बाईंची होती. पंधरा दिवस त्या तिच्यामागे होत्या. मला काय बोलावं सुचेना. बाईंनी तुकडे एकेक करून वेचले, वाडग्याच्या बुडाचं खापर माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "बघा, बूड किती जाड राहिलंय. वरून सुकलं, आतलं पाणी तसंच होतं." फुलदाणीबद्दल एक शब्द नाही. ते खापर त्यांनी खिडकीतल्या फळीवर ठेवलं. आता नवा माणूस आला की सुकवण्याचा धडा त्या खापरापासून सुरू होतो.

बंगळुरातलं इंदिरानगर म्हटलं की हंड्रेड फीट रोडवरची झगमगती दुकानं आणि रात्री उशिरापर्यंतची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण त्या रस्त्यावरून दोन गल्ल्या आत शिरलं, की मोठ्या झाडांखाली अजून काही जुनी बैठी घरं तग धरून आहेत. अशाच एका घराच्या परसात आमचा मातीकामाचा स्टुडिओ आहे. पत्र्याची शेड, विजेवरची सहा चाकं, भिंतभर फळ्या आणि कोपऱ्यात विजेची भट्टी. शनिवारी सकाळी इथे सॉफ्टवेअर कंपनीतली मुलं येतात, निवृत्त फौजी येतात, शेजारच्या आजी येतात. बेळगावहून इथे येऊन एकवीस वर्षं झालेली मीही त्यांच्यातलीच एक.

शिकवायला दोघं आहेत. बाई पुदुच्चेरीला शिकल्या. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज देशात स्टुडिओत बसून मातीकाम करणाऱ्या कितीतरी कलाकारांचे हात तिथे तयार झाले आहेत. दुसरे अण्णा. ते कुंभाराच्या घरात जन्मले आणि शाळेच्या आधी चाकावर बसले. बाई बोलून शिकवतात, अण्णा हात धरून.

पहिल्या दिवशी मी चाकावरचा गोळा मधोमध बसवायची धडपड करत होते. जोर लावला की गोळा आणखी हेलकावे खायचा. अण्णांनी माझ्या कोपरावर हात ठेवला आणि म्हणाले, "निधान, अम्मा, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. बेळगावच्या माणसाला दोन्ही अर्थ लहानपणापासून ठाऊक असतात, पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा एकमेकांशेजारी दिसले. कोपर मांडीला टेकवलं, श्वास सोडला, हात नुसते स्थिर धरले. गोळा फिरत होता, तरी तळव्यांना तो थांबल्यासारखा लागला.

इथली भट्टी पूर्ण भरल्याशिवाय लावत नाहीत. नाहीतर विजेचं बिल परवडतच नाही. त्यामुळे प्रत्येकाचं भांडं दुसऱ्याच्या भांड्याची वाट पाहतं. पहिल्या भाजणीत सुरुवातीचे काही तास आच अगदी मंद ठेवतात. मातीत पाणी राहिलं असेल तर १०० अंशांना त्याची वाफ होते. ही वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते, आणि वाट मिळाली नाही तर भांडं फोडून बाहेर पडते. ५७३ अंशांना मातीतल्या गारेच्या कणांची रचना बदलते, तिथेही घाई चालत नाही. मग हजारच्या आसपास पहिली भाजणी पुरी होते. ग्लेझचा काचेसारखा लेप चढवल्यावरची दुसरी भाजणी बाराशेच्या पुढे जाते. तेव्हा माती इतकी घट्ट होते की पाणी झिरपत नाही. आपला माठ त्याहून कितीतरी कमी आचेवर भाजलेला असतो, म्हणून तो झिरपतो आणि पाणी गार ठेवतो.

या एका भट्टीत शिकणाऱ्याचा वेडावाकडा पेला आणि कलाकाराची प्रदर्शनाला जायची फुलदाणी शेजारी शेजारी बसतात. चूक एकाची झाली तरी फटका शेजाऱ्यालाही बसतो. मी हे माझ्या वाडग्यावरून शिकले. बाईंना आपलं काम वेगळं भाजता आलं असतं. त्या तसं करत नाहीत. शिकवणं म्हणजे फक्त वेळ देणं, असं मला इतके दिवस वाटायचं. इथे ती दोघं आपल्या कामाची जोखीमही आमच्याबरोबर वाटून घेतात.

एकदा अण्णांनी माठ करून दाखवला. चाकावर फक्त गळा आणि काठ उतरवला. बूड उघडंच होतं, भिंत जाडजूड. ते भांडं अर्धवट सुकू दिलं, मग मांडीवर घेतलं. उजव्या हातात लाकडी थापटणं, डाव्या हातात गुळगुळीत दगड. दगड आतून टेकवायचा आणि बरोबर तिथेच बाहेरून थापटणं मारायचं. थप, थप, थप. भांडं मांडीवर फिरत राहिलं, भिंत पातळ होत गेली, पोट फुगत गेलं, आणि बुडाचं भोक हळूहळू मिटलं. शेडमध्ये कोणी बोलत नव्हतं.

मला तेरचे गोरोबाकाका आठवले. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी थापटण्याबद्दल विचारलं आणि गोरोबांनी त्याच थापटण्यानं एकेकाचं डोकं तपासलं, नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा आपण सगळेच ऐकत आलो. त्या कथेमुळे थापटणं म्हणजे पारख करायचं हत्यार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. अण्णांच्या मांडीवरचा माठ पाहिला तेव्हा कळलं, की थापटण्याचं रोजचं काम वेगळंच आहे. ते कच्च्या मडक्यावरच चालतं. मडकं कच्चं आहे म्हणूनच ते घडवता येतं, आणि प्रत्येक थापेला आतून एक हात आधाराला असतो. नामदेवही त्या दिवसानंतरच गुरू करायला विसोबा खेचरांकडे गेले. बाईंनी माझ्यासमोर खापर धरलं, तीही तशीच थाप होती.

ज्ञान असं मोकळं करणाऱ्यांचं ऋण या कलेवर मोठं आहे. ग्लेझची कृती ही कुंभारकामातली झाकून ठेवायची गोष्ट. निर्मला पटवर्धन यांनी मात्र आपल्याकडे मिळणाऱ्या मालातून करायच्या ग्लेझच्या कृती पुस्तकात छापून सगळ्यांच्या हाती दिल्या. आमच्या स्टुडिओतली त्यांच्या पुस्तकाची प्रत मातीच्या बोटांनी मळून गेली आहे.

आता चाकावर बसायला जात लागत नाही, फी भरली की झालं. हे दार उघडलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांनी हे चाक पिढ्यान्पिढ्या फिरतं ठेवलं, त्यांच्याकडे पाठ फिरवून आत जाणं मला पटत नाही. याच बंगळुरात कँटोन्मेंटच्या बाजूला पॉटरी टाउन आहे. तिथली कुंभार कुटुंबं गणपतीच्या मूर्ती, पणत्या, कुंड्या करतात. नव्या मेट्रो मार्गावरच्या एका स्थानकालाही त्या वस्तीचं नाव आहे. आमच्या बेळगावकडे खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. लहानपणी उन्हाळा लागला की आई बाजारातून तिकडचा माठ आणायची, बोटाच्या पेरानं वाजवून, आवाज ऐकून. तो आवाज मी ओळखते. पण तो माठ करणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही.

स्टुडिओतल्या एका मगला आपण काहीशे रुपये खळखळ न करता देतो, आणि दिवाळीत रस्त्यावरच्या कुंभारणीशी डझनभर पणत्यांसाठी घासाघीस करतो. हात तेच, माती तीच. माझं एवढंच मागणं आहे, की ज्या शहरात असा स्टुडिओ आहे तिथल्या प्रत्येक शिकणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी आपल्या गावातल्या कुंभारवाड्यात जावं, आव्याजवळ उभं राहावं, सांगेल ती किंमत द्यावी आणि करणाऱ्याचं नाव विचारावं. आणि स्टुडिओंनी अण्णांसारख्या माणसांना मदतनीस म्हणून न ठेवता गुरू म्हणून बोलवावं, मानधनही तसंच द्यावं. आमच्याकडे पाटीवर बाईंच्या नावाखाली अण्णांचं नाव त्याच अक्षरांत आहे. बाईंनीच तो आग्रह धरला होता.

परवा पुन्हा भट्टी भरली. यावेळी मी वाडग्याचं बूड नीट तासलं होतं आणि तो दोन आठवडे सावलीत सुकवला होता. बाईंनी तो उचलला आणि त्याचं बूड आपल्या गालाला लावून पाहिलं. आत ओल असली की माती गालाला गार लागते. क्षणभर त्या थांबल्या, मग खाली वाकून त्यांनी वाडगा आपल्या नव्या फुलदाणीला अगदी खेटून ठेवला. मी म्हणाले, "बाई, जरा लांब ठेवा ना."

"जागा नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

भट्टी अजून गार व्हायची आहे.