निरोप घेऊन निघावे

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात युनिक्सच्या धर्तीवर रचलेली लिनक्स ही प्रणाली चालते. तिच्याविषयी विद्यार्थ्यांची एक तक्रार नेहमी कानी येते : "पेनड्राइव्ह लावायचा आणि काढायचा, एवढ्याशा कामाला हा विधी कशाला?" एके काळी आम्हीही हीच तक्रार करीत होतो. आज आमचे मत पालटले आहे. ते का पालटले, हे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम ही व्यवस्था कशी आहे ते पाहू. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख जनक. १९७४ साली या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात, काढता-घालता येणाऱ्या तबकड्यांची सोय वर्णिलेली आहे. विंडोज प्रणालीत प्रत्येक साधनास सामान्यतः निराळे अक्षर मिळते. युनिक्समध्ये मात्र साऱ्या फायलींचा वृक्ष एकच, आणि त्याचे मूळही एकच. बाहेरून आलेले साधन या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसवावे लागते. या क्रियेस 'माउंट' म्हणतात. एकदा बसविले, की पाहुणा घरचाच होतो. त्याच्या फायली आणि घरच्या फायली यांत वाचणाऱ्यास भेद जाणवत नाही. काढण्यापूर्वी 'यूमाउंट' ही आज्ञा द्यावी लागते. कोणी त्यातील फाइल उघडून बसला असेल, तर साधन अद्याप गुंतलेले आहे असे सांगून संगणक सहसा नकार देतो.

हा नकार आम्हांस पूर्वी हट्ट वाटे. वस्तुतः त्यामागे कारण आहे. पेनड्राइव्हवर लिहिणे हे संगणकाच्या स्मृतीत लिहिण्यापेक्षा पुष्कळ मंद असते. म्हणून संगणक मजकूर आधी स्मृतीत ठेवतो व मागाहून सवडीने साधनावर उतरवितो. पडद्यावर काम संपल्याचे दिसते, तेव्हा ते साधनावर संपलेलेच असते असे नाही. 'यूमाउंट' म्हणताच उरलेले सारे लेखन पुरे होते, आणि मगच निरोप मिळतो.

हे ज्ञान आम्हांस फुकट मिळालेले नाही. गतवर्षी आमच्या वर्गाने वाड्यातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून उतरवून घेतल्या होत्या. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांस या ओव्या म्हणजे माहेरचे धनच. त्या टंकित करून आम्ही पेनड्राइव्हवर घेतल्या, कक्षातील प्रत पुसून टाकली, आणि घंटा होताच पेनड्राइव्ह ओढून काढला. घरी पाहतो तो फायलींची नावे तेवढी होती. आत एक अक्षर नव्हते! आम्ही पुन्हा त्या आजींकडे गेलो. काही ओव्या पुन्हा मिळाल्या. एका आजींना मात्र आपल्या ओव्या आठवेनात. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

कोणी म्हणेल, आता पेनड्राइव्ह लावताच संगणक तो आपोआप बसवितो. मग या आज्ञा शिकाव्या कशास? परंतु बसविणे आपोआप झाले, तरी काढणे अद्याप मनुष्याच्याच हाती आहे. दहा वेळा तसाच ओढून काढला तरी काही बिघडत नाही, हेही खरे. पण त्यामुळेच सवय जडते, आणि अकरावी वेळ सांगून येत नाही. यास्तव प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी या दोन्ही आज्ञा स्वहस्ते टंकून पाहाव्यात, असे आमचे आग्रहाचे मत आहे. चित्रावर बोट दाबून जे घडते त्याचे मर्म त्याने कळते. तसेच, दुसरी प्रत तपासून पाहिल्यावाचून पहिली कधीही पुसू नये.

आपल्या घरांत बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणून निघतात, आणि घरचे 'ये' म्हणेपर्यंत क्षणभर उंबऱ्याशी थांबतात. यंत्राशीही तेवढाच क्षण थांबावे, इतकेच आमचे मागणे आहे.