गृहारोग्यविचार : हृच्छूल

गेल्या अंकांत मधुमेहाविषयीं लिहिलें, तेव्हां त्याचा सोबती जो हृद्रोग त्याविषयींही लिहावें, असें कांहीं वाचकांनीं सुचविलें. लिहितांना लेखणी थोडी अडखळते. कारण हा रोग आमच्या घरांतून जाऊन आला आहे.

आमचे वडील बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणत असूं, रोज सकाळीं देवपुरांतून पांझरेचा पूल ओलांडून धुळ्याच्या जुन्या गांवांत पायीं जात. अखेरच्या दोन महिन्यांत ते पुलाच्या मध्यावर कठड्यास टेकून दोन-तीन मिनिटें उभे राहूं लागले. विचारल्यास "नदी पाहतों" म्हणत. वैशाखांत पांझरेंत पाहण्याजोगें पाणी तें कितीसें! पण हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आला नाहीं. पुढें एके रात्रीं जेवणानंतर त्यांची छाती दाटून आली, घाम सुटला. पित्त समजून आम्हीं ओवा व सैंधव दिलें, पाठ चोळली, आणि उजाडल्यावर डॉक्टरांस बोलावूं असें ठरविलें. उजाडण्यापूर्वींच दादा गेले.

हृदय सर्व शरीरास रक्त पुरवितें. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूचें पोषण महारोहिणीच्या मुळाशीं निघणाऱ्या दोन लहान रोहिण्यांवर अवलंबून असतें. वाढतें वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब व रक्तांतील चरबी यांमुळें ह्या रोहिण्यांच्या आंत थर बसून वाट अरुंद होते. बसल्या जागीं तेवढें रक्त पुरतें. चढ, ओझें, थंडी, भरपेट जेवण किंवा संताप यांनीं हृदयाचें काम वाढलें कीं पुरवठा तोकडा पडतो व कळ येते. थांबलें कीं काम हलकें होतें, कळही ओसरते. म्हणूनच ती फसवी! दादांचें तें "नदी पाहणें" म्हणजे रोगाचें अचूक लक्षण होतें. तें वाचणारा मात्र घरांत कोणी नव्हता.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत हृच्छूलाचा उल्लेख आहे. इंग्लंडांत विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ सालीं चालतांना येणारी व उभें राहतांच जाणारी ही छातींतील घुसमट वर्णिली. १८७९ सालीं विल्यम मरेल यांनीं तीवर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. आजची जिभेखालीं ठेवावयाची गोळी त्याच कुळांतली.

रोग झाला हें सांगण्यांत लाज कसली? मुंबईचे विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांचें २००३ सालीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, हृदयविकाराच्या झटक्यानेंच निधन झालें. जेथें तज्ज्ञांस सूट नाहीं, तेथें आपण कोण?

ही वेदना दरवेळीं तीव्र असतेच असें नाहीं. छातीवर धोंडा ठेवल्यासारखें दडपण, डाव्या हातांत, जबड्यांत किंवा पाठींत ओढ, एवढेंच कधीं जाणवतें. स्त्रियांत पुष्कळदां धाप, मळमळ व विलक्षण थकवा हींच लक्षणें असतात. आणि "एवढा स्वयंपाक उरकूं द्या" म्हणून त्या तीं दडवितात. मधुमेह्यांस तर कळ जाणवेलच याचाही भरंवसा नाहीं.

तेव्हां इतकें ध्यानांत असावें. श्रमानें येणारी व विश्रांतीनें जाणारी कळ पहिल्यांदां आली, कीं लगेच डॉक्टरांकडे जावें; बसल्या जागीं काढलेला हृदयालेख निर्दोष आला तरी तेवढ्यानें रोग नाहीं असें ठरत नाहीं, पुढील तपासण्या कराव्या. कळ बसल्या जागीं आली, वारंवार येऊं लागली, किंवा विश्रांतीनें पांच मिनिटांत गेली नाहीं, तर ओवा शोधीत न बसतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यास चालवूं नये, जिना चढवूं नये. जिभेखालची गोळी ज्याची त्यानेंच, डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें, बसून घ्यावी. शेजाऱ्याच्या डबींतली घेतल्यास रक्तदाब उतरून भोवळ येण्याचें भय असतें.

आणि घरांतील कर्त्या मंडळींस एक विनंती. वडीलधारें माणूस वाटेंत थांबूं लागलें, तर "कां थांबलां?" असें विचारून गप्प बसूं नका. "छातींत कांहीं होतें का?" असें स्पष्ट विचारा. आम्हीं तें विचारलें नाहीं.

पुढील अंकीं रक्तदाबाविषयीं.